दावणीचा सर्जा आणि मांडीवरची गिटार



पेरण्या उरकल्या, कोळपणीला अजून चार दिवस अवकाश आहे, म्हणून आज ओसरीवर जरा निवांत बसलो आहे. आजची गोष्ट ना पिकाची, ना खताची. एक जिवाभावाचे वाद्य विकून दुसरे वाद्य घेतल्याची आहे. पण ती सांगायची तर आधी तुम्हांला माझ्याबरोबर सन १९७२ च्या दुष्काळात यावे लागेल.

त्या साली आमच्या दावणीला सर्जा नावाचा खिलार बैल होता. पांढराशुभ्र, सरळ शिंगांचा. वाडीत शिरला की पोरे बाजूला होऊन बघत राहायची. पण दुष्काळाने वैरण संपली, उसाचे वाढे मिळेना, विहिरीत खडक दिसू लागला. दोन बैलांपैकी एक जगवायचा तर एक विकायला हवा होता. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, सर्जाला घेऊन खरसुंडीच्या बाजाराला निघाले. बरोबर मी. वय एकोणीस.

नदीकाठचा एक बागाईतदार भेटला. उपरण्याखाली बोटांची खूण झाली आणि साडेतीनशेवर सौदा ठरला. पैसे मोजायला त्याने कनवटीला हात घातला, तोच आप्पा म्हणाले, "पावणं, एक सांगायचं राहिलं. पावसाळ्यात चिखल लागला की हा मागच्या डाव्या पायानं लंगडतो. चार-आठ दिवसांनी आपोआप बरा होतो. पण लंगडतो." बागाईतदाराने आप्पांकडे पाहिले, हात मागे घेतला आणि तीनशेच रुपये दिले.

पन्नास रुपये! रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून दिवसाला तीन रुपये मिळायचे त्या काळात. येताना मी रागाने बोललोच नाही. आप्पांच्या खांद्यावर सर्जाचे दावे होते. तेवढे त्यांनी ठेवून घेतले होते. चिंचेखाली भाकरी सोडताना ते आपणहून म्हणाले, "पोरा, खोड लपवून जनावर विकलं, की जनावर जातं आन् खोड आपल्या घरी राहते."

तेव्हा मला ते काही पटले नाही. पन्नास रुपये पटत होते.

पुढच्याच वर्षी मी मुंबई गाठली. गावातले सात-आठ जण आधीच गिरणीत होते. त्यांच्या ओळखीने बदलीचे काम मिळाले, आणि लालबागच्या एका खोलीत आम्ही अकरा जण राहू लागलो. पाळीप्रमाणे झोपायचे, पाळीप्रमाणे जेवायचे.

जवळच्याच चाळीत एक वयस्कर गोवेकर गृहस्थ राहत. सगळे त्यांना अंकल म्हणत. तरुणपणी ते मोठ्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवायचे. मुंबईत दारूबंदी आली तशी हॉटेलांतली नाचगाणी मंदावली आणि त्यांच्यासारखे पुष्कळ वादक सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. संध्याकाळी ते दारात खुर्ची टाकून एक काळे, जड वाद्य मांडीवर आडवे घेत, डाव्या हातात पोलादाची एक गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून फिरवीत, आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या अडकवून तारा छेडीत. जो सूर निघे तो माणसाच्या गळ्यासारखा. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी नाही, मधली सगळी वाट चालत जाणारा. आमच्याकडे बायका जात्यावर ओवी लांबवतात ना, तसा.

मी पहिली पाळी संपवून यायचो आणि त्यांच्या उंबऱ्याशी बसायचो. सहा महिन्यांनी त्यांनी कांडी माझ्या हातात दिली. "दाबायचं नाही," ते म्हणाले, "नुसतं टेकवायचं. पाण्यावर पान टेकतं तसं." सन १९७६ मध्ये त्यांची बोटे संधिवाताने आखडली आणि त्यांनी ते वाद्य मला दिले. साडेतीनशे रुपयांना, सात हप्त्यांत. शेवटचा हप्ता द्यायला गेलो तर त्यांनी तो घेतला नाही. त्या पैशाच्या तारा आण म्हणाले.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि माझ्यासारखे हजारो पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. वर्षभर वाट पाहिली आणि एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि ती गिटार घेऊन गावी आलो. एसटीच्या कंडक्टरने टपावर टाका म्हटले, तेव्हा मी ती मांडीवर घेऊन रात्रभर बसलो होतो. आमच्या सौभाग्यवतींनी तिचे नाव तेव्हाच ठेवले, "धाकटी".

आता या गिटारीला वीज लागते. गावात लाइट होती, पण आवाज मोठा करणारे यंत्र कुठले? तर जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे ग्रामोफोनची तबकडी जोडायची भोके असतात, त्यांत मी तिची वायर घातली. भजनी मंडळात पहिल्यांदा वाजवली तेव्हा मृदंगवाले बुवा दचकून उठले. पुढे मात्र एकादशीला ती नसली तर लोक विचारायचे. गावातली पोरे तिला 'इस्त्री' म्हणायची. मांडीवर पाट, त्यावर काळे काहीतरी, आणि आबा त्यावरून लोखंड फिरवतोय! लांबून इस्त्रीच दिसायची.

बेचाळीस वर्षे ती आमच्या घरात राहिली. दिवसभराच्या कष्टाने अंग आंबले की पाऊण तास तिच्याजवळ बसावे आणि उठताना अंग हलके व्हावे. आप्पा गेले त्या रात्री मी काही बोललो नाही, वाजवली. त्यामुळे तिला विकायचे म्हणजे काय, हे मी तुम्हांला जास्त सांगत नाही. ज्याने दावणीचे जनावर विकले आहे, त्याला ते ठाऊक आहे.

तर विकायची वेळ का आली?

आमची नात पंधरा वर्षांची आहे. गळा चांगला आहे. मी आजोबा म्हणून म्हणत नाही, तालुक्याला तिच्या गाण्याच्या बाई आहेत, त्या म्हणतात. मोबाइलवर तंबोऱ्याचा आवाज निघतो, त्यावर ती तीन वर्षे गायली. बाईंनी एक दिवस मला बोलावून घेतले. म्हणाल्या, "मोबाइल वाईट नाही. पण त्यातला सूर कुणीतरी आधीच लावून ठेवलेला असतो. हिनं आता स्वतः तारा पिळून सूर लावायला शिकायला पाहिजे. कान त्यानं तयार होतो." मी मान डोलावली. हेच अंकल मला सांगायचे.

मिरजेत चौकशी केली. मुलीच्या पट्टीचा चांगला तंबोरा गवसणीसकट अठ्ठावीस हजार. उसाचे बिल आले ते सोसायटीच्या कर्जाला वळते झाले. वैशाखात विहिरीवरची मोटार जळाली. थोरला म्हणाला, "आबा, पुढच्या वर्षी बघू." त्याचे चुकले नव्हते. पण पोरीचे वय पुढच्या वर्षीपर्यंत थांबते का? पेरणीला वाफसा असतो तसा शिकण्यालाही असतो. तो गेला की बी टाकून उपयोग नाही.

त्या रात्री मी गिटार काढली, पुसली, पण वाजवली नाही. खरे सांगायचे तर दोन वर्षांपासून माझीही बोटे आखडू लागली होती. महिन्यातून एकदा काढायची, पुसायची आणि ठेवायची, असे चालले होते. वाजणारी वस्तू नुसती पुसून ठेवणे म्हणजे बैल दावणीला बांधून नुसता न्याहाळणे. बैलालाही ते मानवत नाही. सकाळी सौभाग्यवतींना सांगितले. त्या चुलीपुढे बसून होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चाळीस वर्षं सवत म्हणून राहिली घरात. जाताना साडी-चोळी करायला पाहिजे." आणि पदराने डोळे टिपले. धुराने असतील.

आता मंडळी, इथून पुढचे नीट ऐका, कारण यात मी फसता फसता वाचलो, आणि तशीच वेळ तुमच्यावरही येऊ शकते.

गिटार गोणपाटात गुंडाळून मी एका शहरातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही. मालकाने बोटाने टिचकी मारून पाहिली. "लाकूडसुद्धा नाही हो बाबा, प्लास्टिक आहे. आता हे कोण वाजवतं? साडेतीन हजार देतो, तेही तुम्ही लांबून आलात म्हणून." मी जवळजवळ हो म्हटले होते. तेवढ्यात त्याने पोऱ्याला खूण केली, आणि पोऱ्याने ती ज्या अलगदपणे उचलली, त्यावरून मला शंका आली. प्लास्टिकची वस्तू कुणी तान्ह्या पोरासारखी उचलत नाही. मी गोणपाट उलगडलेच नव्हते असे समजून पुन्हा गुंडाळले आणि एसटी धरली.

घरी आल्यावर नातीने तिच्या डोक्याकडची धातूची पट्टी लिंबाच्या फोडीने घासायला घेतली. मी तिला थांबवले, हे नशीब. कारण कोरडे फडके फिरवल्यावर अक्षरे दिसली : रिकनबॅकर, लॉस एंजेलिस. तिने मोबाइलवर शोधले आणि आम्ही दोघे अर्धी रात्र वाचत बसलो. आपल्या घरात चाळीस वर्षे काय होते, ते मला त्या रात्री कळले.

ही गोष्ट सुरू होते हवाई बेटांवर, पॅसिफिक महासागरात. आणि गंमत अशी की ती सुरू होते गुरांपासून! सन १७९३ मध्ये एका इंग्रज कप्तानाने तिथल्या राजाला गुरे भेट दिली. राजाने ती मारायला बंदी केली. बेटावर ना वाघ, ना वैरणीची कमतरता. गुरे रानभर माजली आणि लोकांची शेते तुडवू लागली. मग १८३० नंतर पुढच्या राजाने मेक्सिकोतून घोड्यावरचे गुराखी बोलावले. त्यांनी बेटावरच्या लोकांना गुरे आवरायला शिकवले आणि येताना आपल्या गिटारीही आणल्या. पुढे १८८० नंतरच्या दहा वर्षांत ओआहू बेटावरच्या लाये गावच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने तारांवर पोलादाचा तुकडा फिरवून पाहिला. रस्त्यात सापडलेल्या एका बोल्टने त्याला हे सुचले असे सांगतात. शाळेच्या लोहारकामात त्याने मग नीट कांडी बनवून घेतली. बोटाने तार दाबण्याऐवजी पोलाद फिरवायचे, म्हणून ही 'स्टील गिटार'.

अमेरिकेत या वाद्याचे वेड पसरले. पण मोठ्या बँडमध्ये तिचा आवाज दबून जाई. तेव्हा जॉर्ज बोशां नावाच्या वादकाने आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर या कारखानदाराने तारांभोवती घोड्याच्या नालासारखे लोहचुंबक बसवून तारेच्या थरथरीची वीज केली. हे १९३१-३२ चे साल. ती गिटार अ‍ॅल्युमिनियमची, गोल आणि लांब दांड्याची. लोक तिला 'तवा' म्हणत. आमच्या पोरांनी इस्त्री म्हटले त्यात नवल ते काय! विजेवर चालणारी, बाजारात जम बसलेली जगातली पहिली गिटार ती हीच, मांडीवरची. आणि १९३५ मध्ये त्यांनी काढली ती बॅकेलाइटची, म्हणजे जुन्या लाइटच्या बटणांचे जे काळे, कडक द्रव्य असते त्याची. माझी ती.

मग ती भारतात कशी रुजली? हवाईचे वादक टाऊ मो १९४० नंतरची काही वर्षे सहकुटुंब कलकत्त्याला राहिले, आणि तिकडे पुष्कळांनी हे वाद्य हाती घेतले. मुंबईत व्हॅन शिपले यांनी सिनेमाची गाणी तिच्यावर वाजवून तबकड्या काढल्या. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी त्या रेडिओवर ऐकल्या असतील. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले, आणि विश्वमोहन भट्ट यांनी तिला जादा तारा जोडून मोहनवीणा केली. त्यांना १९९४ मध्ये अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आपल्या गाण्यात मींड असते, सुरावरून सुरावर घसरत जाणे. ती या पोलादाच्या कांडीला आपसूक साधते. म्हणून ही परदेशी पोर आपल्याकडे इतकी नांदली.

माल काय आहे हे कळल्यावर विकण्याची तऱ्हा बदलली. नातीने बाईंना विचारले, बाईंनी पुण्याच्या एका वादकाला. त्याने जे जे मागितले ते सांगतो. दिवसाच्या उजेडात पुढून, मागून, बाजूने फोटो. पट्टीचा आणि नंबरचा जवळून फोटो. प्रत्येक तार छेडून केलेले ध्वनिमुद्रण. आणि एक ताकीद : काही घासू नका, रंग देऊ नका, जुने स्क्रू बदलू नका. मी तर कोपऱ्यावरचे ओरखडे झाकायला काळा ऑइल पेंट आणून ठेवला होता! जुन्या वस्तूची किंमत तिच्या मूळपणात असते. नवी दिसावी म्हणून जे आपण करतो, त्याने ती निम्म्यावर येते. घरातली जुनी समई असो, दरवाजाची चौकट असो, की आजीची पेटी असो, विकण्याआधी हे लक्षात ठेवा.

आठ दिवसांनी तो वादक स्वतः आला. तिशीचा पोरगा. ओसरीवर मांडी घालून बसला, गिटार मांडीवर घेतली, आपले छोटे यंत्र जोडले आणि कांडी टेकवली. पाण्यावर पान टेकते तशी. माझ्या पोटात काहीतरी हलले. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "काका, साठ हजार देतो."

थोरल्याने माझ्याकडे पाहिले. मी थोरल्याकडे पाहिले. साठ हजार! तंबोरा होऊन मोटार होऊन वर खत येईल.

आणि मंडळी, तेव्हा मला आप्पांच्या खांद्यावरचे दावे दिसले.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्याला दिसणे शक्य नव्हते. सन १९९१ मध्ये गणपतीच्या मांडवात गिटार पाटावरून घसरली. कोपऱ्याला तडा गेला. तो आम्ही डिंक लावून इतका बेमालूम सांधला की बोट फिरवले तरी कळत नाही. आणि आतल्या चुंबकाच्या वेटोळ्याची तार तुटली. ती तालुक्याला पंपाच्या मोटारी भरणाऱ्या मिस्त्रीकडून भरून घेतली होती. त्या भल्या माणसाने केसाएवढी बारीक तार मिळवून, भिंग लावून, दोन रात्री बसून वेटोळे गुंडाळले. आवाज पुन्हा आला, पण कंपनीचे वेटोळे ते नव्हे. आणि या गिटारीचे मोल बरेचसे त्या वेटोळ्यातच असते, हे मी नातीबरोबर वाचले होते.

थोरला डोळ्याने खुणावत होता. मी घोटभर चहा घेतला आणि सांगून टाकले. तडा कुठे आहे, तेही बोट ठेवून दाखवले.

पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला निदान वर्षभर कळलं नसतं." मी म्हटले, "पण मला रोज कळलं असतं." त्याने पंचेचाळीस हजार देऊ केले आणि मी ते घेतले. घासाघीस केली नाही.

थोरला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला मी दोष देत नाही. पंधरा हजार म्हणजे आमच्यासारख्या घरात किती, ते मला कळते. एकोणिसाव्या वर्षी पन्नास रुपयांसाठी मीही असाच बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी तो जेवताना म्हणाला, "आबा, त्यानं पैसे एकदम टाकले, मोजून बघायला लावलं नाही. आपण खरं सांगितलं म्हणून असेल." एवढेच. पुढे विषय नाही.

निघण्यापूर्वी त्या पोराने विचारले, "काका, एकदा वाजवणार?" मी वाजवली. आखडलेल्या बोटांनी, अंकलनी शिकवलेली पहिली चाल. दोन ठिकाणी चुकलो. मग पुसून, त्याच गोणपाटात गुंडाळून दिली. कांडी मात्र ठेवून घेतली. त्यालाही आधीच सांगितले होते, की वाद्य तुझे, दावे माझे.

दुसऱ्या आठवड्यात नात, सौभाग्यवती आणि मी मिरजेला गेलो. मिरज तुम्ही दवाखान्यांसाठी पाहिली असेल. एकदा तिथली सतारमेकर गल्ली पाहा. दीडशेहून अधिक वर्षे तिथे तंबोरे आणि सतारी होतात. मूळची ही शिकलगार मंडळी, तलवारींना धार लावणारी. लढाया संपल्या, हत्यारांचे काम गेले, तसा त्यांनी हातातला हुन्नर तारांकडे वळवला. फरीदसाहेबांपासून ही परंपरा चालत आली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच मिरजेत स्थायिक झाले होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, जसे नाशिकच्या द्राक्षांना किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे.

आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. तंबोऱ्याचा भोपळा कुठून येतो? सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्यांच्या रानातून! खाण्याचा नव्हे, कडू, जाड सालीचा. तो वेलावर पुरता पिकू द्यायचा, वाळवायचा. कारागीर तो पाण्यात भिजवून मऊ करतो, कापून आतला गर काढतो, आकार राहावा म्हणून आत काटक्या लावून पुन्हा वाळवतो. मग त्याला तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली बसते. गोल, पातळ, ठोकले की घुमणारा भोपळा हवा. ज्याच्या शेतात असा भोपळा पिकतो, त्याचे नाव मैफलीत कुणी घेत नाही. पण गवयाच्या पाठीमागे जो घुमत असतो, तो त्याच्याच मातीतला असतो.

कारागिराने चार तारा चढवल्या. एक पंचमाची, दोन जोडाच्या, एक खर्जाची. मग घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एकेक दोरा सरकवला आणि तोपर्यंत ठण् ठण् वाजणारा तंबोरा एकदम भुंग्यासारखा घुमू लागला. नात डोळे मोठे करून पाहत राहिली. मी विचारले, "काही दुरुस्ती, सांधा?" तो हसला, दांडीजवळची एक बारीक गाठ दाखवली, म्हणाला, "लाकडाची आहे, आवाजाला काही नाही. पण बघून घ्या." मी सौभाग्यवतींकडे पाहिले. या माणसाकडून डोळे मिटून घ्यावे, असे आम्हां दोघांनाही एकदम वाटले.

अठ्ठावीस हजार तंबोऱ्याचे. उरलेल्यातून मोटार भरून झाली, वर पोरीच्या सहा महिन्यांच्या गाण्याची फी.

आता एक कबुली देतो. पहिले आठ दिवस संध्याकाळ झाली की माझा हात त्या कोपऱ्याकडे जाई. तिथे तंबोरा उभा असे, आणि मला त्याचा थोडा रागच येई. मग एका संध्याकाळी नात तारा लावत बसली होती. खुंटी पिळतेय, सोडतेय, पुन्हा पिळतेय. जोड लागेना. रडकुंडीला आली. मी आतूनच म्हणालो, "दुसरी तार केसभर खाली आहे. मणी खाली सरकव." तिने सरकवला. सूर सुराला जाऊन असा मिळाला, जशी दोन ओढ्यांची पाणी.

"आबा, तुम्हांला आतून कसं कळलं?"

मी काय सांगणार? बेचाळीस वर्षे पडद्यांशिवाय, नुसत्या कानाच्या भरवशावर पोलाद फिरवले, तिने शिकवले ते. गिटार पुण्याला गेली. तिने दिलेला कान मात्र कुणी विकत नेला नाही. तो या घरात आहे, आणि आता एका घरातून दुसऱ्या पिढीत चालला आहे.

म्हणून मंडळी, वेळ आली तर विकायला लाजू नका. चार गोष्टी तेवढ्या पाळा. बाजारात जाण्याआधी आपल्या मालाची ओळख करून घ्या, पहिल्या भावाला मान हलवू नका. जुन्याला नवे करायला जाऊ नका. वस्तू अशा हाती द्या, जो तिला वापरील. आणि खोड असेल ती आपल्या तोंडाने सांगा. पैसे कमी येतील. आले कमीच, मी खोटे सांगत नाही. पण घरी झोप येते.

परवा पुण्याहून त्या पोराचा फोन आला होता. म्हणाला, "काका, ते वेटोळं कुणी भरलं होतं? आवाज मूळच्यापेक्षा थोडा भरीव आहे. माझ्या दुसऱ्या एका गिटारीचंही भरून घ्यायचं आहे." मी त्याला सांगितले, की तो मिस्त्री आता राहिला नाही. पंपाच्या मोटारी भरता भरताच गेला. पोरगा म्हणाला, "त्यांचं नाव सांगा, मी लिहून ठेवतो." मी सांगितले. बरे वाटले.

आषाढी एकादशीला आमच्या देवळात नात अभंग म्हणणार आहे. तंबोरा तीच लावणार. पोलादाची कांडी देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगली आहे, आप्पांनी ठेवलेल्या त्या दाव्याजवळ.

पाऊसपाणी सांभाळा, लेकरांना गाऊ द्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू ओसरीवर.

राम राम!